ओल्या हाताचा सौदा

नोरा, आधी भांडण. रडायचं ते मागाहून बघू.

तुझ्या बहिणीचा फोन वॉर्डात आला तेव्हा मी ड्रेसिंगची ट्रॉली लावत होते. आपल्या वॉर्डातल्या ज्युनियर नर्स आलीअम्मानं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ती तिथेच उभी राहिली. तुझी बहीण थेट तुझ्यासारखी बोलते, वाक्याच्या शेवटी सूर वर नेते. त्यामुळे क्षणभर मला तूच वाटलीस आणि मी तोंडभर हसलेसुद्धा. मग ती म्हणाली, नोरा गेली. घरीच गेली, झोपेत. मी विचारलं, कशानं? ती चाचरत म्हणाली, "म्हणजे? तुम्हांला ठाऊक आहे ना? छातीतली गाठ. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आली होती तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला ऑपरेशन नको होतं. मी म्हटलं, कुसुमला तरी सांग. तर म्हणाली, कुसुमला मी सांगितलंय."

कुसुमला मी सांगितलंय! नोरा, तू मला काडीचंही सांगितलेलं नाहीस. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवरून परत आलीस ती माझ्यासाठी चहाचे पुडे आणि ती तुमची दगडासारखी बिस्किटं घेऊन. अख्खा हिवाळा माझ्याबरोबर ड्यूट्या केल्यास. बायकांच्या सर्जिकल वॉर्डाची तू सिस्टर, मी तुझी स्टाफ नर्स. रोज दुसऱ्या बायकांच्या जखमा आपण दोघींनी मिळून धुतल्या, त्यांच्या नवऱ्यांना समजावलं, लवकर आली असतीस तर बरं झालं असतं असं किती जणींना तूच दरडावून सांगितलंस. आणि त्या वेळी तुझ्या त्या कडक स्टार्च केलेल्या गणवेशाखाली गाठ होती. ही कुठली रीत झाली?

इथल्या, आखातातल्या मराठी मंडळींनी दिवाळीच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून मागितलंय. आमच्यातल्या निम्म्या बायका कधी ना कधी तुझ्या वॉर्डात पडून गेल्या आहेत, त्यामुळे हवल्लीत ज्या घरी जावं तिथे सध्या तुझाच विषय. "सेवाभावी, हसतमुख, मायाळू असं काहीतरी येऊ द्या," असं अंकवाल्या बाईंनी सुचवलं. हसतमुख! बेडपॅन घासलेलं नसलं की तू कशी दिसतेस, ते त्यांनी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, लिहीन, पण मला जे म्हणायचंय ते लिहीन, छापायचं तर छापा. तेव्हा तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, हे मी सांगणार नाही. मी आपल्या बाजाराचं सांगणार आहे.

आपली दोघींची गट्टी जमली ती जनावरांच्या बाजारावरून, हे इथे कुणाला खरं वाटायचं नाही. मी नवीन होते. माझ्या नवऱ्याला, विलासला, इथल्या दक्षिणेकडच्या रिफायनरीत नोकरी लागली, म्हणून त्याच्या मागोमाग आले आणि या हॉस्पिटलात चिकटले. ड्यूटीरूममध्ये एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वडील काय करतात? बाकीच्यांचे वडील मास्तर, मामलेदार, वकील. मी म्हटलं, शेती. त्या गेल्यावर तू कप खाली न ठेवताच विचारलंस, "किती गाई?" मी म्हटलं, गाई नाहीत. "मग शेती कसली?" तुझ्या त्या पोलिसी नजरेपुढे माझं काही चालेना. सांगून टाकलं की शेती नावाला आहे, वडील बैलबाजारात दलाली करतात. घेणारा आणि विकणारा यांच्यामधला माणूस.

तू चहा सांडलास. "टँगलर!" असं इतक्या जोरात ओरडलीस की शेजारच्या खोलीतून कुणीतरी धावत आलं. तुझा मामा तेच करायचा म्हणे. तिकडे तुमच्या त्या हिरव्या, पावसाळी बेटावर अशा माणसाला टँगलर म्हणतात. मग तू मला खुर्चीत दाबून बसवलंस आणि तुमच्या गावची ऑक्टोबरातली जत्रा सांगायला सुरुवात केलीस. त्या दिवशी औषधांची फेरी उशिरा निघाली आणि त्यावरून तू मलाच झापलंस.

ती जत्रा मला आता माझ्या गावच्या बाजाराइतकी पाठ आहे. पहाटेच्या अंधारात घराघरातून गुरं निघायची, ओल्या रस्त्यानं मैलोन्मैल चालत. व्यापारी गावाबाहेरच वाटेत आडवे यायचे, उजाडायच्या आत स्वस्तात गाठायला. जत्रेला वेगळं मैदान नाही, गावातला मोठा रस्ता तोच बाजार. दुकानदार आदल्या दिवशीच काचांपुढे फळ्या ठोकून ठेवायचे. शाळेला सुट्टी. दारादारासमोर गाई उभ्या, चर्चच्या पायरीवर शेण. आणि भाव सगळा तोंडानं, ओरडून, चार माणसांत. घेणारा म्हणणार, हे काय जनावर आहे की खाटेचा सांगाडा! विकणारा आकाशाकडे बघणार. मग घेणारा रागानं तरातरा चालू लागणार. तो खरा जात नसतो, हे तू मला किती वेळा बजावलंस! त्यानं जायचं ते बोलावून आणण्यासाठीच. मधल्या माणसानं धावत जाऊन त्याला दंडाला धरून ओढून आणायचं, दोघांचे हात एकमेकांपुढे धरायचे, उरलेला फरक अर्धा अर्धा करायला लावायचा. मग दोघांनी आपापल्या तळहातावर थुंकायचं आणि फाडकन टाळी द्यायची. झाला सौदा. घेणारा रस्त्यातला चिखल उचलून जनावराच्या पुठ्ठ्यावर बोटं ओढायचा, म्हणजे हे विकलं गेलं.

"थुंकायचं?" मी विचारलं. मला शिसारी आली होती.

"थुंकायचंच," तू म्हणालीस. "कोरड्या हाताची टाळी म्हणजे पोरखेळ. ती मोडली तर कुणी जाब विचारत नाही. ज्याचा हात ओला, तो बांधला गेला. कोरडा हात मोकळा."

मग मी तुला माझ्या वडिलांचा बाजार सांगितला. आम्ही मराठवाड्याकडचे. आमच्याकडे भाव कुणी उच्चारत नाही. दलालाचा आणि एकेका बाजूचा हात उपरण्याखाली. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, कापडाखाली बोटं धरणार, दाबणार, सोडणार, आणि वर दोघांचे चेहरे असे की जणू पावसापाण्याचं बोलणं चाललंय. लहानपणी मी आण्णांना जेवणाचा डबा द्यायला जायची आणि मधेच काही विचारायला लागले की ते म्हणायचे, "गप उभी ऱ्हा बाई, बोटं बोलायलीत." भाव ज्याचा त्याला माहीत आणि दलालाला. बाकी बाजाराला पत्ता नाही.

हे ऐकून तुझा चेहरा काय झाला होता! "फडक्याखाली? त्यांना लाज कसली वाटते?" मी म्हटलं, लाजेचा काय संबंध, दुसऱ्याची अडचण चारचौघांत कशाला उघडी करायची? तू म्हणालीस, "फडक्याखाली फक्त चोरी होते. सांगायचं ते रस्त्यात उभं राहून सांगावं." नोरा, हे तुझं वाक्य आहे. तुझ्या तोंडचं. फोन ठेवल्यापासून ते माझ्या कानात वाजतंय आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आहे.

त्या दिवसापासून आपल्या वॉर्डात बाजार भरू लागला. शुक्रवारची सुट्टी कुणी घ्यायची, ईदला कोण, ख्रिसमसला कोण, दिवाळीला कोण, हे सगळं आपण सौदा करून ठरवायला लागलो. निम्मा सौदा माझ्या रीतीनं, टॉवेलखाली बोटं दाबून. निम्मा तुझ्या रीतीनं, आरडाओरडा करून. तू तणतणत कॉरिडॉरमध्ये निघून जायचीस, आणि बिचारी आलीअम्मा, जिनं केरळात रबराच्या झाडांशिवाय काही पाहिलं नव्हतं, ती तुला दंडाला धरून परत आणायची. शेवटी तू आपल्या तळहातावर थू करायचीस. मी कधीच केलं नाही. नर्सनं हातावर थुंकायचं म्हणजे काय! मी कोरडाच हात पुढे करायची. टाळी झाली की तू बेसिनकडे धावायचीस, मीही मागून यायची, आणि साबणासाठी आपली ढकलाढकली. "माझा हात ओला, मी अडकले," तू म्हणायचीस, "तुझा कोरडा, तू मोकळी." आणि खरंच, मी दोनतीनदा ठरलेली ड्यूटी आयत्या वेळी फिरवली, तू एकदाही नाही. त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. कोरड्या हाताला जाब विचारायचा नसतो, हा तुझा नियम तू पाळलास.

आणि शहराबाहेरच्या मेंढ्यांच्या बाजारात केलेला तो तमाशा! बकरी ईदच्या आधीचे दिवस. तू हट्टच धरलास की जनावरं बघायला चला. विलास म्हणाला, "अगं, तिथे बायका जात नाहीत." तू म्हणालीस, "म्हणूनच." हे 'म्हणूनच' मला तेव्हा नुसता आगाऊपणा वाटलं. तुमच्या गावच्या जत्रेत मुलींनी गुरं हाकून आणायची, हातात काठी धरून थंडीत कुडकुडत उभं राहायचं, पण भावात तोंड घालायचं नाही, हे तू मला पुढे कधीतरी सांगितलंस. मामाच्या मागे उभी राहून तू सगळं शिकलीस आणि एकही सौदा तुला कधी करता आला नाही.

तिथे एक म्हातारा बदू, वाळवंटातला मेंढपाळ, मेंढ्या घेऊन उभा होता आणि एक गुबगुबीत गृहस्थ हातात जपमाळ घेऊन भाव करत होता. तू आधी मेंढीच्या पाठीवर हात फिरवून "गॉड ब्लेस हर" म्हणालीस, म्हातारा खूश होऊन "माशाल्ला" म्हणाला, आणि मी मनातल्या मनात त्या मेंढीची दृष्ट काढली. तिघांचं एकमत झालं म्हणून मला बरं वाटतंय तोवर तो गृहस्थ रागावून निघाला. पुन्हा आला, पुन्हा निघाला. तू बेचैन. "त्याला कुणीच कसं परत आणत नाही? कसला बाजार हा!" आणि मी तुझा पदर, म्हणजे तुझी पर्स, धरायच्या आत तू गेलीस. तुझं सगळं अरबी वॉर्डातलं. खोल श्वास घ्या, कुशीवर वळा, हात पुढे करा. त्यातलं शेवटचं तू आपल्या सिस्टरच्या आवाजात दोघांना सुनावलंस. आणि नोरा, त्या दोघांनी हात पुढे केले. इंजेक्शन घ्यायला करतात तसे. तू दोन परक्या पुरुषांची मनगटं धरायला हात लांबवलास आणि अख्खा बाजार वळून बघायला लागला.

विलासचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता आपली रवानगी थेट विमानतळावर. म्हाताऱ्यानं हात झटकन मागे घेतला. मग त्यानं डोक्यावरच्या फडक्याचं टोक ओढलं, हाताला गुंडाळलं आणि तसा गुंडाळलेला हात पुन्हा पुढे केला. त्याचं बघून त्या गृहस्थानंही तेच केलं. तू दोन फडक्यातले हात धरून एकमेकांवर आणलेस, वर आपली थाप मारलीस. "मबरूक!" म्हणजे अभिनंदन, असं कुणीतरी ओरडलं, आणि लोक हसायला लागले.

परतताना गाडीत मी तुला वाट्टेल ते बोलले. बोलता बोलता हेही म्हटलं की बघ, शेवटी फडकं लागलंच. तू लाल झालेल्या चेहऱ्यानं म्हणालीस, "फडकं त्याच्या हातावर होतं. भाव सगळ्यांनी ऐकला." आणि शुवैखच्या गॅरेजांपाशी गाडी सिग्नलला थांबली तेव्हा तू खिडकीबाहेर बघत रडत होतीस. मी बोलले म्हणून, असं मला वाटलं. तू म्हणालीस, "गप गं. माझा पहिला सौदा होता तो." नोरा, इतका आनंद झालेली बाई मी त्यानंतर पाहिलेली नाही, आणि तुला तिथे नेल्याबद्दल मी आजही विलासची ऋणी आहे. हे चांगलं वाक्य घे आणि समाधान मान. पुढे पुन्हा भांडण आहे.

ते तर अर्धवटच राहिलं. तुमच्याकडे रस्त्यावरच्या जत्रा बंद पडून 'मार्ट' आले. सिमेंटचं रिंगण, जनावर काट्यावर चढवायचं, पायऱ्यांवर बसलेले शेतकरी, माइकवरून बोली. हात लागत नाही कुणाचा कुणाला. तुझे वडील एकदाच तिथे गेले आणि गुरं तशीच चालवत घरी घेऊन आले.  मी म्हटलं, मला विचारशील तर मार्ट चांगला. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी चर्चमध्ये पान खाऊन थुंकले. पण मला खरंच तसं वाटत होतं आणि अजून वाटतं. काट्याला कुणाची भीड नसते. तुझ्या जत्रेत ज्याचा आवाज मोठा त्याचं जनावर चांगलं. आणि आमच्या बाजारात उपरण्याखाली माझ्या वडिलांनी कुणाकुणाला कसं ओरबाडलं हे मला माहीत होतं. एका बाजूला बोटं वेगळी, दुसऱ्या बाजूला वेगळी, मधला फरक त्यांच्या खिशात. एक विधवा बाई बैलजोडी विकून बाजाराच्या कडेला बसून रडत होती, तेव्हा आण्णांनी माझ्यासाठी शेवचिवडा घेतला. तो मी खाल्ला. हे मी विलासलाही सांगितलं नव्हतं, तुला सांगितलं.

आणि तू काय म्हणालीस? "म्हणजे तुझे वडील वाईट दलाल होते. त्यात हाताचा काय दोष?" मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. कामापुरतं तेवढं, तेही "सिस्टर" म्हणून. नंतर मला उत्तर सुचलं होतं, चांगलं सणसणीत उत्तर. ते तुला ऑक्टोबरात, तुझ्या त्या रस्त्यात उभं राहून द्यायचं म्हणून राखून ठेवलं होतं. आता ते कुणाला देऊ? आलीअम्माला?

या मार्चमध्ये तू राजीनामा दिलास. कारण विचारलं तर म्हणालीस, वैताग आला, धूळ नको, उकाडा नको, पाऊस बघायचाय. मला राग आला होता. सलवातल्या तुझ्या फ्लॅटमध्ये खोकी भरताना मी एक धड शब्द बोलले नाही. तू बारीक झाली होतीस, ते मला दिसत होतं. मी आंधळी नव्हते. शेवटच्या ड्यूटीच्या दिवशी ड्यूटीरूममध्ये मी तुला समोरासमोर विचारलं, "नोरा, खरं सांग. तब्येत ठीक आहे ना?"

तू काय केलंस आठवतं? ओठ मागे ओढून दात दाखवलेस. "बघ, वय बघून घे." मग बूट वर उचलून, "खूर बघ." मग खोलीत एक गोल फेरी मारलीस, "चालवून बघ, लंगडते का!" आलीअम्मा पोट धरून हसली. मीही हसले. विकणाऱ्यानं आपण होऊन खोड सांगायची नसते, घेणाऱ्यानं नीट बघून घ्यायचं असतं, हा तुमच्या जत्रेचा नियम तूच मला शिकवला होतास. पण सरळ विचारलं तर खोटं बोलायचं नाही, हाही नियम तुझाच. तू खोटं बोलली नाहीस. तू दात दाखवलेस! नोरा, मी गिऱ्हाईक होते का गं तुझं?

मग तू "चला" म्हणून निघालीस, कॉरिडॉरमधून, मागे न बघता. आणि या खेपेला आलीअम्माची वाट न बघता मी स्वतः धावले. दंडाला धरून तुला परत आणलं. म्हटलं, अशी नाही जायचीस, सौदा कर. या ऑक्टोबरात मी तुझ्या गावाला येणार, तू मला तो रस्ता दाखवायचा, कुठली गाय कुठे उभी असायची ते सगळं. आणि पुढच्या हिवाळ्यात तू माझ्या गावाला यायचं, बैलबाजार बघायला.

"ऑक्टोबर लांब आहे," तू म्हणालीस. "मेमध्ये ये."

"मेमध्ये पोरांच्या परीक्षा."

"जूनमध्ये ये. दिवस मोठे असतात."

"जत्रा ऑक्टोबरात भरायची ना? मग ऑक्टोबर."

"जत्रा कुठे भरते आता, बावळट? ऑगस्ट. शेवटचं सांगते."

मी कधी नव्हे ते घासाघीस जिंकत होते, मला जोर चढला होता. म्हटलं, ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर. तू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं. ऑक्टोबर." आलीअम्मानं आपले हात धरले. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तळहातावर थुंकले. अगदी मनापासून, तुझ्या मामासारखी. तुझे डोळे भरून आले. मला वाटलं, हसून. आलीअम्मानं हात जुळवले, टाळी झाली, आणि मी "शी, शी" करत बेसिनकडे पळाले आणि कोपरापर्यंत हात धुतले. वळून बघितलं तर तू उजवा हात एप्रनच्या खिशात घालून दारात उभी होतीस.

काल ड्यूटी संपल्यावर मी त्याच बेसिनवर हात धूत होते. नवीन सिस्टर आली आहे, चांगली आहे, बेडपॅनांवरून ओरडत नाही. साबण सगळा माझ्याच ताब्यात, ढकलायला कुणी नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशीही साबण माझ्या एकटीच्याच ताब्यात होता. तू हात धुवायला आलीच नाहीस. मी आलीअम्माला तिथूनच हाक मारली आणि विचारलं, त्या दिवशी नोरा थुंकली होती का गं? ती हात पुसत आली. मग म्हणाली, "नहीं दीदी. मैंने देखा था. मुझे लगा, जाने का दुख है, भूल गयी."

भूल गयी! तू आणि विसरणार?

म्हणजे हे तुझं सांगणं. 'कुसुमला मी सांगितलंय.' जे रस्त्यात उभं राहून ओरडून सांगायचं ते तू माझ्या हातात कोरडा हात ठेवून सांगितलंस, फडक्याखाली, माझ्या वडिलांच्या रीतीनं, आणि मी ओळखलं नाही तर तो दोष माझा. तुझा नियम तू पाळलास. न पाळता येणारा सौदा ओल्या हातानं करायचा नाही. मरायला टेकलीस तरी प्रामाणिक! नको होता मला तुझा प्रामाणिकपणा. थुंकायचं होतंस. खोटं बोलायचं होतंस, नाहीतर खरं बोलायचं होतंस. मी मेमध्ये आले असते. पोरांच्या परीक्षा गेल्या असत्या चुलीत. एप्रिलमध्ये आले असते तुझ्याबरोबर त्याच विमानानं, तुझ्या जखमा मी धुतल्या असत्या, दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नसतं तुला. एवढा एक सौदा तू मला करू दिला नाहीस.

तू मोकळी आहेस. कोरड्या हाताला जाब विचारायचा नसतो, तेव्हा तुला कुणी काही म्हणणार नाही. पण माझा हात ओला होता, नोरा. विलासनं काल तिकीट आणलंय. तुझ्या बहिणीला फोन करून सांगितलं की मी येते आहे, मला फक्त तो मोठा रस्ता दाखवा, आणि तुमच्या गाई कुठे उभ्या असायच्या ती जागा. तिनं विचारलं, येऊन तुम्ही काय करणार?

मी म्हटलं, भांडणार. मधोमध उभी राहून, गावाला ऐकू जाईल असं.